चकतीची धूळ

प्रिय धाकट्या,

हे आधी कागदावर लिहायला बसले होते. चार ओळी झाल्यावर लक्षात आलं, की हा कागद माझ्या टेबलावरचा, या घरातला, आणि तो तुझ्या हातात जाणार. तुझे हात तिथून कुठे जातात ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. कागद फाडला. आता फोनवर एका बोटानं टाइप करते आहे. चुका दिसल्या तर त्या बोटाच्या समज. परवा तू शनिवारी येतो म्हणालास. स्टेशनावर उतरल्या उतरल्या नवे कपडे घालतो, जाताना ते तिथेच टाकून देतो, दोनदा आंघोळ करतो, आईजवळ तासभर बसतो आणि उलट पावली निघतो. मी म्हणाले, ऐकू येत नाही, रेंज गेली. रेंज चांगली होती. तुला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहिते आहे, पण ते एका ओळीत देता येत नाही. येत असतं तर फोनवरच दिलं असतं.

आई पुढच्या खोलीत आहे. पलंग खिडकीशी लावला आहे, कारण तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं, आणि सावली हलली की ती मान वळवते. पाय सुजले आहेत. नाकाला नळी आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टर जाताना दारात थांबले आणि बूट घालता घालता म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बुटांकडे बघूनच म्हणाले. सकाळी मी तिचं तोंड पुसायला गेले की तिचा पहिला शब्द असतो, आला का? मी म्हणते, अजून नाही. ती म्हणते, बरं. मग दिवसभर विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फोन तिच्या कानाला लावला तेव्हा काय झालं ते तू ऐकलंसच. हा कोण, आवाज मात्र हुबेहूब काढतो त्याचा, असं म्हणून तिनं फोन बाजूला सारला, आणि तू हसलास. मीही हसले. पण यंत्रातून आलेलं माणूस तिला आता माणूस वाटतच नाही. हाताला लागलं पाहिजे. शेजारच्या काकू येऊन बसतात, तिची नखं कापून देतात, आणि निघताना मला दाराबाहेर नेऊन विचारतात, मुलगा समुद्रापलीकडे आहे का गं? नाही ना? मग आईसाठी रजा मिळत नाही असं कुठलं एवढं मोठं काम लागून गेलंय? मी काय सांगू त्यांना? की तो लेकीसाठी काच बनवतो?

आईला मात्र मी सांगितलं. खरं ते सगळं, जमेल तितकं सोपं करून. म्हटलं, आई, तुझ्या नातीचं, मुंगीचं औषध दोन तऱ्हेनं गोठतं. एक तऱ्हा सुईसारखी, बारीक, लांब. ती पोटात गेली की विरघळते, अंगी लागते. दुसरी चपटी, आम्ही तिला चकती म्हणतो. रेणू तोच, फक्त रचायची पद्धत वेगळी, पण इतकी घट्ट की पोटातून तशीच्या तशी बाहेर पडते. ती खाल्ली काय, खडू खाल्ला काय. आम्ही कारखान्यात कित्येक वर्षं सुई बनवत होतो आणि चकती नावाचं काही असतं हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. मग एका सकाळी एका भांड्यात ती निघाली. का निघाली ते कुणालाच सांगता येत नाही. आणि एकदा निघाली म्हणजे निघाली. तिचा डोळ्यांना न दिसणारा कण जरी भांड्यात पडला तरी सगळं भांडं तिच्यासारखं रचलं जातं. आम्ही भांडी बदलली, भिंती धुतल्या, हवेच्या गाळण्या नव्या बसवल्या. पुन्हा चकतीच. ती आमच्या कपड्यांवर आहे, केसांत आहे, चपलांना आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, एवढ्याशा धुळीनं अडलंय होय? आंघोळ करून येईल की. मी नाही म्हटलं, तशी म्हणाली, मग मलाच तिकडे ने. मी म्हटलं, आई, तुझ्या अंगावरही आहे. कामावरून आल्यावर माझा कोट गॅलरीत कोण झटकत होतं? तिनं दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले. दिसत काहीच नव्हतं. तरी धरले.

तुला ठाऊक असलेल्याच गोष्टी मी लिहिते आहे, हे मला कळतं. पण लिहिताना त्या क्रमानं लागतात आणि मला आत्ता क्रम हवा आहे. चकती निघाल्यावर साहेबांनी दुसरी इमारत घेतली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे सगळं कोरं होतं. माणसंही नवी घेतली. आमच्यापैकी कुणी तिथे पाऊल टाकायचं नाही असं ठरलं, आणि ते आम्ही पाळलंही. मग चूक अशी झाली, जी फक्त आमच्यासारखी माणसंच करतील. सुया पटकन उगवाव्यात म्हणून भांड्यात जुन्या सुयांची चिमूट टाकायची ही आमची रीत. त्याला आम्ही बी टाकणं म्हणतो. म्हणून तिजोरीत ठेवलेली सुयांची शेवटची बरणी तिकडे पाठवली. वरून पाहिली होती, भिंगातून पाहिली होती. सुयाच होत्या. झाकणाच्या आट्यांत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. माणसं कोरी, भिंती कोऱ्या, आणि बी आम्हीच पाठवलं. पहिल्याच भांड्यात चकती. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, आपण घर स्वच्छ केलं आणि चोराला किल्ली नेऊन दिली. त्यानंतर त्यांनी नव्या इमारतीचं नाव काढलं नाही. हे औषध लागणारी माणसं सगळ्या जगात मिळून एका वर्गात मावतील. तेवढ्यांसाठी तिसरी इमारत कोण घेणार?

त्याच सुमारास तू माझ्याकडे चिमूटभर सुया मागितल्या होत्यास, तुलना करायला हव्यात म्हणून. माझ्या हातून चकतीही आली असती म्हणून मी नाही म्हटलं. तू ओरडलास. म्हणालास, माझ्या मुलीचं औषध आहे ते, तुझ्या कपाटातलं लोणी नाही. मी फोन ठेवला. आपण बरेच दिवस बोललो नाही. त्या दिवसांत मी रोज कामावर जात होते आणि रोज चकती बनवत होते. उष्ण करून, थंड करून, वेगळा द्राव वापरून, हलवून, न हलवता. संध्याकाळी भांड्याच्या तळाशी ती चमकायची. दिसायला ती सुईपेक्षा सुंदर आहे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तिकडे मुंगी जिना चढायची थांबली होती. मग तिला कंगवा वर उचलता येईना. तुझ्या बायकोनं मला एवढंच कळवलं, की आज मी तिची वेणी घातली आणि ती काही बोलली नाही.

मग एका दुपारी तुझा फोन आला आणि तू नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणालास, ताई, आपण गोठवायचंच कशाला? मी म्हटलं, म्हणजे? तू म्हणालास, सुई नको, चकती नको, रांगच नको. रेणूंना रांग लावायला वेळच द्यायचा नाही. वितळवायचं आणि असं झटक्यात थंड करायचं की जो जिथे आहे तिथेच अडकून बसेल. काच. तुझं सगळं आयुष्य अशा अडकलेल्या वस्तूंत गेलं. शिस्तीत बसलेलं काही तुला लहानपणापासून आवडलंच नाही. अव्यवस्थेच्या अभ्यासाची तुला डॉक्टरेट मिळाली तेव्हा आई म्हणाली होती, त्याचं कपाट पाहून ही त्याला शाळेतच द्यायला हवी होती. त्या दुपारी मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. काच पोटात सुईपेक्षाही लवकर विरघळेल हे मला कळत होतं. आणि हेही कळत होतं, की काच टिकत नाही. आतल्या आत ती हळूहळू सरकत असते. तिला कुठेतरी जायचं असतं, आणि जायची जागा चकतीच. मी विचारलं, किती दिवस टिकेल? तू म्हणालास, हेच तर कुणाला सांगता येत नाही. सरासरी काढून देतो, पण सरासरीला विचारू नकोस. अशा वस्तूत सरासरीनं काही घडत नाही. सगळ्यात दुबळी जागा कुठे आहे ते विचार. सुरुवात तिथूनच होते.

आणि मग मी तुला रसायन शिकवलं. फोनवरून. आपल्या घरात चहाचं आधण उतू घालवणारा तू. शेवटून दुसऱ्या पायरीपर्यंतचा माल मी एका परक्या कारखान्यातून परस्पर तुझ्याकडे पाठवायची व्यवस्था केली, जिथे आमच्यापैकी कुणी कधी गेलं नव्हतं. त्या पायरीपर्यंत औषध झालेलंच नसतं, त्यामुळे चकतीलाही पकडायला काही नसतं. शेवटची पायरी तुला करायची होती, आणि ती नेमकी रॅडिकलची. मी ज्या पायरीवर माझी सगळी उमेदीची वर्षं घालवली ती. तुला सांगितलं होतं ते आठवतं का? रॅडिकल म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन हिंडणारा रेणू. समोर येईल त्याला धरतो. आपल्याला हवं असतं की त्यानं स्वतःचीच शेपटी धरावी, म्हणजे कडं पूर्ण होतं. पण एका वेळी असे थोडेच हवेत. फार झाले की एकमेकांनाच धरतात आणि सगळं संपतं. म्हणून थेंब, मग थांबायचं, मग थेंब. आणि हवा आत येऊ द्यायची नाही, कारण ऑक्सिजन सगळ्यांच्या आधी त्यांना गाठतो. तू सगळं ऐकलंस, हो हो म्हणालास आणि तोटी सरळ उघडलीस. पाच मिनिटांनी तुझा आवाज, ताई, डांबर झालं. दुसऱ्यांदा, ताई, डांबरच, पण पातळ. मी इकडे कपाळाला हात लावून बसले होते आणि आई आतून विचारत होती, रस्ता बांधतोय का तो? ज्या दिवशी जमलं त्या दिवशी फक्त फोनजवळ थेंब पडताना ऐकू येत होते. एक, मग शांतता, मग एक.

तेव्हापासून मुंगीचं औषध जगात एकाच ठिकाणी आहे. तुझ्या त्या कोरड्या, थंड खोलीत. एकदा केलेलं काही आठवडे पुरतं, साठवता येत नाही, पुन्हा करावं लागतं. तुझा तो जाड्या मित्र यंत्र चालू ठेवील, पण त्याला थेंब जमत नाहीत, हे तूच म्हणालास. ज्यांना थेंब जमतात ते सगळे माझ्यासारखे आहेत. त्यांना त्या खोलीत येता येत नाही. म्हणजे ती खोली आणि तू, एवढंच आहे. दुसरं काही नाही. हे मी रोज मोजते, आणि रोज तेवढंच येतं.

मुंगी जिना चढते आहे, हे तू सांगायच्या आधी तिनंच मला सांगितलं. परवा तुझ्या फोनवरून तिनं मला फोन केला, बहुतेक तुला न विचारता. म्हणाली, आत्या, तू आमच्याकडे का येत नाहीस? बाबा म्हणतो तुझ्या अंगावर चकत्या आहेत. मी म्हटलं, आहेत. म्हणाली, दिसतात का? म्हटलं, नाही. मग तुला कसं माहीत, आहेत म्हणून? आपण दोघं पदव्या घेऊन बसलो, हा प्रश्न आपल्यापैकी कुणी विचारला नव्हता. शेवटी मी म्हटलं, नसतील असं सिद्ध करता येत नाही म्हणून. ती म्हणाली, हॅ, हे काय उत्तर झालं. आणि फोन ठेवून दिला.

तिचं बरोबर होतं. ते उत्तर नव्हतं. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी तुला सांगितलेली नाही. तू मला तपासायला पाठवलेल्या, औषधाच्या काचेनं भरलेल्या दोन बाटल्या होत्या ना, त्या मी कामावर उघडल्याच नाहीत. तुला जे आकडे कळवले ते मी बाटलीबाहेरून घेतले होते. त्या मी तशाच बंद, दोन पिशव्यांत घालून ठेवल्या. मग एका अनोळखी वस्तीत, जिथे आमच्यातलं कुणी राहत नाही, एक खोली दिवसभरासाठी घेतली. तिथे नवे कपडे आधीच दुकानातून परस्पर पोचवले. आंघोळ केली. पुन्हा केली. नाकपुड्या, कान, नखं. कातडी सोलून निघेल इतकं अंग घासलं. मग बाटल्या उघडल्या आणि त्यांच्याजवळ नुसती बसून राहिले, जशी मुंगीजवळ बसले असते तशी. तू आत्ता जे करतो म्हणतो आहेस ना, तेच मी आधी करून पाहिलं, आई इतकी आजारी पडायच्या कितीतरी आधी. मला मुंगीला भेटायचं होतं. मला तिची वेणी घालायची होती. एक बाटली संध्याकाळपर्यंत तशीच राहिली, स्वच्छ, पाण्यासारखी. दुसरीत दुपारी जेवणाच्या वेळेला एका कडेला दुधाचा डाग दिसला. तो वाढत गेला. मी बघत होते. हलले नाही, म्हणजे हललं तर वाढेल म्हणून नाही, नुसतीच हलले नाही. थोड्या वेळात सगळी बाटली पांढरी झाली.

ती माझ्यामुळे झाली का, खोलीतल्या दमटपणानं झाली का, की तिची वेळच झाली होती? मला माहीत नाही. तुलाही सांगता येणार नाही. पहिली का टिकली, तेही नाही. दोनच बाटल्या होत्या आणि दोघींनी दोन उत्तरं दिली. तू शास्त्रज्ञ आहेस, म्हणशील की एवढ्यावरून काही ठरत नाही. बरोबर. पण मी दुसरीच बाटली धरून बसले आहे. स्वतःला कितीदा समजावलं, की आंघोळ पुरते, भीतीनं आपण वेडे झालो आहोत, साधी धूळ ती, आई म्हणते तसं. मग डोळ्यांपुढे तो दुधाचा डाग येतो. आणि तुझी खोली. आणि त्या खोलीत एका सकाळी सगळं पांढरं झालेलं. त्यानंतर काय? त्यानंतर काहीच नाही, धाकट्या. चौथी जागा नाही. थेंब जमणारं दुसरं माणूस नाही. तू परत गेल्यावर काही आठवडे खोलीत न जाण्याची गोष्ट करतोस. तेवढ्यात तिचं औषध संपेल. आणि ते काही आठवडे पुरतात, हे तरी कुणी सांगितलं?

तरीही परवा मी तुला नको म्हणू शकले नाही. उलट बाजू माझ्या शेजारच्या खोलीत आहे. ती रोज सकाळी विचारते. मला दोन्हीकडून फाडलं जातंय. तू नाही आलास आणि ती गेली, तर तू मला काही बोलणार नाहीस. आयुष्यभर बोलणार नाहीस. तू आलास आणि ती खोली गेली, तर तुझी बायको मला काय म्हणेल ते मी ऐकू शकते, पण मुंगी काही न बोलता माझ्याकडे बघेल, तर ते नाही. मी तुझी मोठी बहीण. लहानपणी भांडणं मीच सोडवायची, अर्धं-अर्धं करून. याचं अर्धं होत नाही. दोन दिवस मी आईच्या खोलीत जाताना पाय न वाजवता जात होते, की ती झोपली असली तर तेवढीच सुटका. सख्ख्या आईपासून लपत होते, स्वतःच्या घरात.

काल सकाळी जे झालं ते सांगायला हे पत्र आहे. ऑक्सिजनचं सिलिंडर बदलायला दुकानातून माणूस आला. नेहमीचा नव्हे, नवा. दांडगा, बुजरा, तुझ्याच वयाचा असेल. नळी बसवायला तो पलंगावर वाकला, आईवर त्याची सावली पडली, आणि तिनं त्याचं मनगट धरलं. म्हणाली, आलास? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. मला हलवताच आली नाही. तोच म्हणाला, हो, आलो. आईनं त्याचा तळवा उलटा करून त्यावरून अंगठा फिरवला. म्हणाली, किती खरखरीत झालेत हात. ताई फार राबवते का रे तुला फोनवरून? तो म्हणाला, नाही. मग म्हणाली, पोरगी जेवते? जेवते. जिना चढते? त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं, या वेळी मला मान हलवता आली, आणि तो म्हणाला, चढते. आई म्हणाली, मग इथे काय करतोस? जा. ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणते ही. माझ्यापाशी बसून काय होणार आहे, मी काय कुठे पळून चालले आहे? मला तुला एकदा हात लावायचा होता, तो लावला. आता जा, आणि पोरीला माझं नाव सांगत बसू नकोस, नुसतं खाऊ घाल. आणि तिनं मनगट सोडलं. आपण होऊन सोडलं. त्या माणसानं सिलिंडर लावलं, चावी फिरवली, बाहेर आला आणि जिन्यात उभा राहून मला विचारलं, बाई, माझं चुकलं का? मी म्हटलं, नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. तुझ्या हातांना कधी घट्टे नव्हते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण आज सकाळी तिनं आला का असं विचारलं नाही. शेजारच्या काकूंना मात्र म्हणाली, काल येऊन गेला, थांबत होता, मीच पाठवलं. तेव्हा शनिवारी येऊ नकोस. तू आलास तर काल कोण येऊन गेलं ते तिला कळेल, आणि ज्याला तिनं जा म्हटलं तो गेलाच नव्हता, हेही. ती जे बोलली ते मी एकही शब्द इकडचा तिकडे न करता लिहिलं आहे. ते तिनं दुसऱ्याच्या हातात दिलं, पण ते तुझं आहे. ते घे आणि खोलीत जा.

तुझीच, इकडचं दार लावून घेतलेली,
ताई